क्रूझला जायचं की नाही? लसीच्या वादात न अडकता ठरवायचं कसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

दिवाळी सरली की आपल्याकडच्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रूझच्या जाहिराती फिरायला लागतात. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप, नाहीतर सिंगापूरहून तीन रात्री. रिटायर झालेले काका लगेच तयार, सुनेला पोरांची काळजी, आणि कुणीतरी हमखास विचारतं, "कोरोनाची लस लागते का ओ अजून? आणि लागत नसेल तर बरोबरचे हजार लोक कसले असतील कुणास ठाऊक!" तिथून गाडी लसीवर घसरते. मग एकतर बेत बारगळतो, नाहीतर वाद मिटायच्या आतच कुणीतरी अ‍ॅडव्हान्स भरून मोकळा होतो.

यात तीन वेगळे प्रश्न आहेत. लस घ्यावी का, जहाजाची अट काय, आणि आपल्या घरातल्या माणसांना हा प्रवास झेपेल का. पहिल्याचं उत्तर डॉक्टरकडे, दुसऱ्याचं बुकिंगच्या कागदात आणि तिसऱ्याचं स्वयंपाकघरातल्या औषधांच्या डब्यात. हे तिन्ही प्रश्न सुटे करून एकेक हाताळले की निर्णय अवघड नाही. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, पण प्रत्येकीला सारखाच वेळ द्यायची गरज नाही.

पायरी १: आधी जहाज देशातलं की परदेशातलं ते बघा

मुंबईहून गोव्याला जाऊन परत, किंवा लक्षद्वीपला जाऊन परत, हा देशातला प्रवास. सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देते की तुम्ही काढायचा, हे विचारून घ्या.

जहाज मुंबई-चेन्नईहून सुटतं पण मध्ये श्रीलंकेला लागतं, तर तो परदेश प्रवास. पासपोर्ट हवा, आणि परतीच्या तारखेनंतर त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. सिंगापूर किंवा दुबईहून जहाज धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सोन्यासारखी लक्षात ठेवा: जहाजाने त्या देशाबाहेर जाऊन तुम्ही पुन्हा तिथेच उतरणार, म्हणजे दोनदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा काढून ठेवलात तर परतीला अडकाल. एजंट फक्त विमान आणि हॉटेलची कामं करणारा असेल तर हे त्याच्या ध्यानातच नसतं.

लसीचा प्रश्न देशातल्या प्रवासात जवळजवळ उरलेलाच नाही. परदेशात तो उरलाय, पण लोक समजतात त्या जागी नाही. त्याबद्दल पुढे.

पायरी २: वाद नेमका कशाचा होता ते समजून घ्या

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस नावाचं जहाज अडकलं. वर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसं. त्यांतल्या ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. त्यांतल्या ३३१ जणांना तपासणीच्या वेळी कसलंच लक्षण नव्हतं. क्रूझची जी भीती मनात बसली ती इथून. अरुंद बोळ, एकच जेवणघर, आणि तेच कर्मचारी रोज शेकडो लोकांना वाढणारे. लक्षणं नसलेला माणूस अशा ठिकाणी किती फिरतो ते बघा.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, प्रवासी जहाजांना बंदीच घातली. वर्षभराने जहाजं पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा कंपन्या म्हणाल्या, लस घेतलेल्यांनाच चढवू. फ्लोरिडा राज्य म्हणालं, आमच्या राज्यात कुणी ग्राहकाकडे लसीचा दाखला मागायचा नाही, मागितला तर दर वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. नॉर्वेजियन क्रूझ लाइन कोर्टात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. पण त्याच महिन्यात कंपनीने लसीची अट स्वतःच काढून टाकली होती! सीडीसीने जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये बंद केला आणि त्या वर्षाच्या शेवटापर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अटी गळून पडल्या. कोर्टकज्जा चालू राहिला आणि तोवर जहाजं निघूनही गेली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. अट हवी म्हणणारे सांगत, भर समुद्रात आयसीयू नसतो, दोन-तीन रुग्ण गंभीर झाले की जहाजाचा दवाखाना संपला. अट नको म्हणणारे सांगत, माझ्या शरीरात काय जावं हे कंपनीने ठरवू नये, आणि लस घेतलेल्यालाही लागण होतेच की. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, अर्धवट तथ्य. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅजेस्टिक प्रिन्सेस जहाज सुमारे ८०० बाधित घेऊन सिडनीला लागलं. वरचे बहुसंख्य प्रवासी लस घेतलेले होते. म्हणजे लसीने साथ थांबली नाही. पण बहुतेकांचा आजार सौम्यच राहिला, हेही त्याच बातमीत होतं. लस कशासाठी घ्यायची याचं उत्तर या दोन ओळींत आहे: लागण टाळण्याची हमी म्हणून नाही, दवाखान्यात जायची वेळ येऊ नये म्हणून.

आपल्या दारातही हे घडून गेलंय. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज मुंबईहून गोव्याला आलं, सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. नववर्षाची मजा करायला निघालेली माणसं केबिनमध्ये बसून राहिली आणि जहाज परत मुंबईला गेलं.

आपल्या देशात या वादाचा कायदेशीर निकाल २ मे २०२२ रोजी लागला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात बसतील असे निर्बंध घालू शकतं. ग्रुपवर हा निकाल फॉरवर्ड करणारे बरेच असतात. बरोबर आहे, पण तो भारतातला निकाल. परदेशी बंदरावरचा अधिकारी तो वाचून दाखवलात म्हणून सोडणार नाही.

खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर जे उभे राहिले त्यांना सगळं माहीत आहे. कोल्हापुरात लग्न, बेळगावात घर, मध्ये चेकपोस्ट. ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवा, नाहीतर गाडी वळवा. त्या वर्षीच्या जुलैअखेर कर्नाटकाने नियम काढला की महाराष्ट्रातून येणाऱ्याने दोन्ही डोस घेतलेले असले तरी रिपोर्ट लागणारच. मोबाइलवर दोन डोसांचं सर्टिफिकेट उघडून धरलेला माणूस आणि "रिपोर्ट तोरसी" (रिपोर्ट दाखवा) एवढंच म्हणणारा पोलीस, हे चित्र निपाणीकर विसरणार नाहीत. तुमची बाजू शास्त्राला धरून आहे की नाही हे नाक्यावर कुणी विचारत नाही. तिथला त्या दिवसाचा कागद चालतो. जहाजाला असे दोन-तीन नाके लागतात, एवढाच फरक.

पायरी ३: अट तीन ठिकाणी वाचा, आणि लेखी घ्या

पहिलं ठिकाण जहाज कंपनी, दुसरं चढायचं बंदर, तिसरं वाटेत लागणारं प्रत्येक बंदर. तिन्हींत जी अट सर्वांत कडक, ती तुमची अट.

कंपनीच्या वेबसाइटवर आरोग्याच्या अटींचं वेगळं पान असतं. ते तुमच्या फेरीचं आहे का, हे बघा. एकाच कंपनीच्या युरोपातल्या आणि आशियातल्या फेऱ्यांना वेगळ्या अटी असू शकतात. "शिफारस केली जाते" आणि "बंधनकारक आहे" या दोन शब्दप्रयोगांवर बोट ठेवून वाचा. शिफारस म्हणजे दाखला नसला तरी चढता येतं. पण त्या पानाच्या तळाशी बहुधा आणखी एक वाक्य असतं: अटी पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात, आणि बदललेली अट पूर्ण न केल्यास परतावा मिळणार नाही. पहिल्यांदा जाणारे नेमकं हेच वाक्य वाचत नाहीत.

एजंटला फोनवर विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "काही लागत नाही सर, फक्त आधार पाठवा." त्याला ई-मेलवर विचारा, म्हणजे त्यालाही उत्तर शोधावं लागेल. असं लिहा: "अमुक तारखेच्या अमुक फेरीसाठी कोणत्या लसींचे दाखले बंधनकारक आहेत, तपासणी रिपोर्ट लागतो का, आणि सुटण्याआधी अट बदलली तर पैसे परत मिळतील का?" उत्तर आलं की जपून ठेवा. उत्तरच आलं नाही तर दुसरा एजंट बघा, बेळगावात काही कमी नाहीत.

सुटण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आणि मग दोन दिवस आधी ते पान पुन्हा उघडा. सिंगापूरला जाणाऱ्यांना पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, त्यात आरोग्याचे प्रश्न असतात. ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा.

पायरी ४: कोरोनापेक्षा पिवळ्या तापाचं आधी विचारा

सगळा वाद कोरोनाच्या लसीवर, पण आज प्रत्यक्षात माणूस अडकतो तो बहुधा पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीच्या दाखल्यावर. आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले बरेच देश या रोगाच्या यादीत आहेत. तुमच्या जहाजाच्या वाटेत त्यांतलं एखादं बंदर असेल, तर दाखला त्या देशाला लागू शकतोच, शिवाय भारतात परतताना आपलं सरकारही मागतं. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मुंबई-गोवा, लक्षद्वीप, श्रीलंका किंवा भारतातून थेट सिंगापूर असा बेत असेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि सोबत पिवळं पुस्तक देतात, तोच हा दाखला. आपल्याला गोव्यातलं मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय किंवा बेंगळूर-मुंबईची केंद्रं. आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, नाहीतर चोर्ला उतरून गेल्यावर कळतं की आज लस नाही. दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांना ती देत नाहीत. साठीनंतर पहिल्यांदाच घ्यायची असेल तर त्रासाचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टरशी नीट बोलूनच ठरवावं. सूट मिळाल्याचं वैद्यकीय पत्र मिळतं, पण समोरचा देश ते मानेलच असं नाही. सत्तरीच्या आई-वडिलांना फक्त क्रूझसाठी ही लस टोचायची का? मी तरी अशा वेळी दुसरी फेरी शोधीन. समुद्र काय, श्रीलंकेच्या बाजूलाही निळाच असतो.

आपल्याकडे, गोव्याच्या शेजारामुळे, कुणाच्या तरी नात्यात कुणीतरी "शिपवर" असतोच. त्याच्याकडे हे पिवळं पुस्तक असण्याची शक्यता बरीच. त्याला गाठा. जहाजावरच्या आजारांबद्दल जाहिरातीपेक्षा तो खरं सांगेल.

पायरी ५: नावं जुळवा

आपल्या भागाची ही खास डोकेदुखी. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हा जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि नव्या आधारवर दुसरं. ते फारसं नडत नाही. नडतं ते माणसाचं नाव. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या दुसऱ्या कागदावर आडनाव आधी. आणि लसीच्या वेळी घाईत नोंदवलेलं नाव म्हणजे नुसतं "सुमन एस." बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं आणखी वेगळं.

कोविनवर किंवा डिजिलॉकरवर जाऊन कोरोना लसीचा दाखला आत्ताच उतरवून घ्या. नाव, जन्मसाल आणि शेवटच्या डोसाची तारीख पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा. आज अट नसली तरी हा कागद घरात असू दे. दुरुस्तीची कामं गरज नसतानाच शांतपणे होतात.

कुठली लस घेतली यावरूनही एकेकाळी माणसं अडकली. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या चाचण्या ज्या रुग्णालयांत झाल्या त्यांतलं एक आपल्या बेळगावातलं, पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता त्या लसीला ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. तोवर कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना कित्येक देशांची दारं बंद होती. कोव्हिशील्डवाल्यांनाही ब्रिटनने त्या सप्टेंबरात बराच घोळ घातला. आता तो प्रश्न मिटलाय.

पोरांच्या लसींची नोंद बहुतेकांकडे तायी कार्डावर असते, कन्नडमध्ये, हाताने लिहिलेली, कोपरे दुमडलेले. परदेशी जहाजावर न्यायची असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, शिक्का मारून, तारखांसह एक पान लिहून घ्या. पासपोर्ट नवा काढायचा असेल तर बेळगावच्या मुख्य पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख आधी मिळवा आणि क्रूझचे पैसे नंतर भरा. उलट करू नका. पोलीस व्हेरिफिकेशनला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं.

पायरी ६: आता औषधांचा डबा उघडा

निर्णय खरा होतो तो इथे. घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला समोर ठेवून ठरवा, सर्वांत उत्साही माणसाला नाही. डायलिसिस चालू आहे, नुकतीच अँजिओप्लास्टी झालीये, केमो सुरू आहे, घरी ऑक्सिजन लागतो: अशांनी जाऊच नये असं नाही, पण त्यांच्या डॉक्टरने "जा" असं कागदावर लिहून दिल्याशिवाय जाऊ नये. गरोदर बाईला बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांपुढे घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही, लांबच्या फेऱ्यांना तर वर्षाखालच्यालाही नाही.

साठीपुढच्यांना आणि मधुमेह, दमा असणाऱ्यांना मी एकच सांगेन: फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. अंगात तिचा परिणाम यायला तेवढा वेळ लागतो. जहाजावर खोकत फिरणाऱ्यांत फ्लूवालेही बरेच असतात आणि या लसीवरून कुणी भांडतही नाही. कोरोनाचा पुढचा डोस घ्यावा का, हे तुमचा आजार आणि आधीचे डोस बघून डॉक्टर ठरवतील. श्रीलंका वगैरे ठिकाणी उतरून रस्त्यावर खाणार असाल तर टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांचंही विचारून घ्या.

आणि जहाजावर सर्वांत जास्त बदनाम आजार कोणता? नोरोव्हायरस. उलट्या-जुलाब. त्याला लसच नाही! अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तीन टक्के किंवा अधिक प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना पोटाचा असा त्रास झाला की सीडीसी ती साथ जाहीर करते, आणि दर वर्षी अशा जहाजांची नावं येतात. सॅनिटायझर त्यावर फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद, जेवणाआधी प्रत्येक वेळी. बुफेतला डाव शंभर जणांच्या हातून आलेला असतो, तेव्हा वाढून घेतल्यावर आणि खायला बसायच्या आधी हात धुवा. लसीवर तासभर वाद घालणारी मंडळी हात न धुता बुफेत शिरताना दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एकेकाळी तिथे देवीची लस तयार व्हायची? देवी जगातून गेली, नोरोव्हायरस मात्र आहे तिथेच आहे.

पायरी ७: लस घ्यायचीच नसेल तर

कुणाला वैद्यकीय कारणाने घेता येत नाही, कुणाचा नकार तत्त्वाचा असतो. दोघांनाही क्रूझ बंद नाही. अट नसलेल्या फेऱ्या भरपूर आहेत. मात्र तीन गोष्टी सांभाळा. चार देश लागणाऱ्या फेरीऐवजी एक-दोन बंदरांची फेरी घ्या, म्हणजे अट बदलण्याची शक्यता कमी. परताव्याची सोय असलेलंच तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि ग्रुपने जात असाल तर आधीच सांगा. बारा जणांच्या बुकिंगमध्ये एकाचा दाखला नाही हे धक्क्यावर कळलं, तर अकरा जणांची सुट्टी रुसव्यात जाते. दाखला विकत आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोटा आरोग्य दाखला परदेशी बंदरात दाखवणं हा फौजदारी मामला आहे.

उलट बाजूनेही बोलतो. "बाकीच्यांनी लस घेतली असेल तरच मी जाणार," असं म्हणणाऱ्यांनी आज मोठ्या जहाजावर जाऊच नये. ती हमी आता कुणी देत नाही. त्यांच्यासाठी मालवण, कारवार, दांडेली आहेच.

पायरी ८: पैसे कुठे अडकतात

जाहिरातीतला आकडा म्हणजे बहुधा फक्त भाडं. बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टिप वेगळी. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. परदेशी जहाजावर त्याची फी बहुधा डॉलरमध्ये लागते आणि थेट केबिनच्या खात्यावर चढते. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी परदेशी पाण्यात सहसा चालत नाही. म्हणून प्रवास विमा वेगळा काढा आणि पॉलिसीच्या कागदात चार गोष्टी शोधा: जहाज प्रवास समाविष्ट आहे का, आधीपासूनचे आजार धरलेत का, भर समुद्रातून हलवण्याचा खर्च आहे का, आणि कोरोनामुळे केबिनमध्ये अडकल्यास काही मिळतं का. चौथी बहुधा नसते. दुसरी नसेल तर मधुमेही माणसाला त्या पॉलिसीचा उपयोग नाही, कितीही स्वस्त असो. बीपी-शुगर लपवून स्वस्त हप्ता घेणारे पुष्कळ आहेत, आणि क्लेम नेमका तिथेच फेटाळला जातो.

पायरी ९: बेळगावहून धक्क्यापर्यंत

जहाज थांबत नाही. रात्रीची खासगी बस पुण्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून कप्तान वाट बघत नाही. मुंबईत एक दिवस आधी पोचा आणि एक रात्र कुठे तरी काढा. रेल्वेने दादरला उतरलात तर बॅलार्ड पिअर टॅक्सीने गाठता येतं. सांबऱ्याहून विमान असेल तर सोयीचं, पण एकच विमान असलेल्या दिवशी ते रद्द झालं तर पर्याय काय, हे आधीच ठरवून ठेवा.

एक गोष्ट बाहेरचे लेखक सांगणार नाहीत. क्रूझचा हंगाम आणि सीमाप्रश्न तापायचा हंगाम एकच. १ नोव्हेंबरला काळा दिवस, डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये अधिवेशन. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या होत्या. या दिवसांत एसटीवर विसंबू नका, रेल्वेचं तिकीट काढून ठेवा. गोव्यातून चढायचं असेल तर चोर्ला किंवा अनमोड, पण पावसाळ्यात दोन्हींवर भरवसा नाही. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या फेऱ्याही बहुतेक थांबलेल्या असतात, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटतो.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावर काढून घेतात आणि केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. घरचे लाडू, चिवडा, दशम्या बहुतेक जहाजांवर वर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला कुंदा न्यायचा असेल तर कंपनीला आधी विचारा.

पायरी १०: चढताना, वर असताना आणि परत आल्यावर

चढण्याआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात: ताप, खोकला, जुलाब आहे का? बरेच जण डोळे मिटून सगळीकडे "नाही" लिहितात. खरं लिहा. डॉक्टर बघेल, कदाचित चढू देईल, कदाचित थांबवेल. लपवून चढलात आणि दुसऱ्या दिवशी ताप भरला तर केबिनमध्ये कोंडून घेतील ते वेगळंच, विम्यालाही हरकत घ्यायला जागा मिळेल. आजारपणामुळे चढू न दिल्यास कंपनी काय देते, हे तिसऱ्या पायरीतल्या ई-मेलमध्ये विचारून ठेवा. काही कंपन्या पुढच्या फेरीसाठी रक्कम जमा ठेवतात.

गर्दीची भीती वाटत असेल तर बाल्कनीची केबिन घ्या. आतली, खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते, पण अडकून पडायची वेळ आली तर दोन दिवस दिव्याच्या उजेडात काढावे लागतात. जेवणाची उशिराची पाळी मागा, लिफ्टऐवजी जिना वापरा, नाटक-गाण्याच्या हॉलमध्ये मास्क लावा. कुणी हसलं तर हसू दे. पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत चुकवू नका, ती सगळ्यांना बंधनकारक असते.

परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, अंगावर पुरळ किंवा न थांबणारे जुलाब झाले तर डॉक्टरला सर्वांत आधी "मी जहाजावर होतो, या या बंदरांना उतरलो" हे सांगा. सिव्हिल असो की खासगी, आपल्याकडे डॉक्टर आधी डेंग्यू-टायफॉइडकडे बघतात, आणि ते चूक नाही. पण प्रवासाची माहिती मिळाली की तपासण्यांची यादी बदलते. जहाजाचं तिकीट आणि बंदरांची यादी महिनाभर तरी फेकू नका.